रूळ कागदावर, गाडा रस्त्यावर

2025 च्या 16 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका 31 जानेवारी 2026 पर्यंत घ्याच, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. आमच्या गेवराईत या दोन्ही बातम्या एकाच चहाच्या टपरीवर वाचल्या गेल्या. न्यायालयाच्या बातमीवर कोणी फारसं बोललं नाही. रेल्वेवर मात्र कपामागून कप रिचवले गेले. शेवटी टपरीवाला मला म्हणाला, "सर, बीडला तर आली. आपल्याला कव्हा?"

मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून जाईना. ही टपरी जुन्या महामार्गाच्या कडेला, गटारावर फरशी टाकून उभी आहे. ती तिथे राहणार की उठणार, समोरून पाणी वाहून जाणार की आत शिरणार, याचा थोडाफार निर्णय ज्या निवडणुकीतून होणार, तिच्याबद्दल हा माणूस अवाक्षर बोलला नव्हता. आणि ज्या रेल्वेबद्दल तो बोलत होता, तिच्याशी नगरपरिषदेच्या निवडणुकीचा काडीचाही संबंध नाही. तरीही प्रचाराच्या सभेत रेल्वे येणार आणि गटार राहणार, हे मी आजच लिहून देतो.

असं का होतं, याचा शोध मी गेले काही महिने घेतो आहे. त्यात बीडची रेल्वे आहे, पुण्याची मेट्रो आहे, फ्रान्समधल्या एका शहराची ट्राम आहे आणि आमच्या गावातला एक रस्ता आहे. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

कोणाचं काय

सुरुवात राज्यघटनेपासून करावी लागते. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नगरपालिकांना घटनेत स्थान मिळालं आणि बारावी अनुसूची जोडली गेली. तिच्यात 18 विषय आहेत. नगररचना आहे, रस्ते आणि पूल आहेत, सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता आहे. सतराव्या नोंदीत पथदिवे, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक सोयी आहेत. म्हणजे बस थांबते ती जागा पालिकेच्या यादीत आहे, पण तिथे येणारी बस नाही. गेवराईत ती बस एसटी महामंडळाची, म्हणजे राज्याची. रेल्वे तर सातव्या अनुसूचीतल्या केंद्राच्या सूचीत. मेट्रोसाठीही कायदा केंद्राचाच लागतो, आणि पुणे-नागपूरची मेट्रो चालवणारी महामेट्रो ही केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे.

एक नोंद मात्र मला गमतीची वाटते. राज्यसूचीच्या तेराव्या नोंदीत रस्ते, पूल, नावा यांच्या जोडीला 'नगरपालिकांच्या ट्रामगाड्या' असा शब्दप्रयोग आहे. घटना लिहिली गेली तेव्हा मुंबईत ट्राम धावत होती. 1874 मध्ये घोड्यांनी ओढलेली आणि 1907 पासून विजेवर चालणारी ही ट्राम 1947 मध्ये 'बेस्ट'बरोबर मुंबई महापालिकेकडे आली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री कायमची थांबली. आज ज्याला हलकी रेल्वे म्हणतात ती या ट्रामचीच वंशज: थोडे डबे, जवळजवळचे थांबे, बहुधा रस्त्याच्याच पातळीवरून धाव. म्हणजे रुळांवरचं एक वाहन असं होतं की ज्याची जागा, ज्याचा थांबा आणि ज्याचं उत्तरदायित्व एकाच पालिकेकडे होतं. ते गेलं, आणि रूळ व रस्ता यांचे मालक वेगळे झाले.

मालक वेगळे झाले, तरी मतदार एकच राहिला. खरी अडचण इथून सुरू होते.

तीस वर्षांची रेल्वे

अहमदनगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. तेव्हाचा अंदाजित खर्च 353 कोटी रुपये होता. आजचा आकडा 4,805 कोटी आहे आणि त्यातला अर्धा वाटा राज्य सरकारचा. नगर ते आष्टी हा पहिला टप्पा सप्टेंबर 2022 मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला आणि सप्टेंबर 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व तेव्हाचे पालकमंत्री अजित पवार यांनी बीडहून गाडीला हिरवा झेंडा दाखवला. पुढे परळीपर्यंतचं काम अजून बाकी आहे.

मंजुरीपासून बीडच्या पहिल्या गाडीपर्यंत लोकसभेच्या आठ सार्वत्रिक निवडणुका आणि 2014 ची एक पोटनिवडणूक झाली. विधानसभा, जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या वेगळ्याच. त्यातल्या एकाही प्रचारात रेल्वे नव्हती, असं मला आठवत नाही. मी शाळेत असताना भिंतीवर चुन्याने लिहिलेली रेल्वे पाहिली आहे, आणि आता शाळेत शिकवत असताना फलकावर छापलेली रेल्वे पाहतो आहे.

इतकी वर्षं न आलेली गाडी मतं कशी मिळवत राहिली? कारण रेल्वे एकदाच येत नाही. आधी मागणीचं निवेदन, मग सर्वेक्षण, मग अर्थसंकल्पातली तरतूद, मग भूमिपूजन, मग भूसंपादनाचा मोबदला, मग चाचणीचं इंजिन आणि शेवटी झेंडा. यातल्या प्रत्येक पायरीचा स्वतंत्र श्रेयवाद होऊ शकतो, प्रत्येक पायरीवर फेटे बांधता येतात. शिवाय कागदावरची रेषा अजून कोणाच्या अंगणातून गेलेली नसते, त्यामुळे ती सगळ्यांच्याच दारावरून जाते. ज्याला मोंढ्यात माल पाठवायचा आहे तो मालगाडी पाहतो, ज्याचा मुलगा पुण्यात आहे तो थेट गाडी पाहतो, ज्याची दोन एकर जमीन रेषेजवळ आहे तो भाव पाहतो. अशा रेषेला विरोधक नसतो.

मी चेष्टा करत नाही. बीडमध्ये गाडी पाहायला मीही गेलो होतो. लोक डब्यांना हात लावून पाहत होते, म्हातारी माणसं नातवंडांना उचलून दाखवत होती. ही गाडी सध्या एसटीपेक्षा जास्त वेळ घेते, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याची कोणाला पर्वा नव्हती. तीस वर्षं वाट पाहिल्यावर माणूस वेळापत्रकाचा हिशोब मांडत बसत नाही. पण आमच्या टपरीवाल्याचा 'कव्हा' याच आनंदातून निघाला आहे, हे विसरता येत नाही. सोलापूर–जळगाव मार्ग बीड, गेवराई, पैठणवरून न्यावा ही मागणी जुनी आहे. दरम्यान दक्षिणेकडे सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्गाचं काम हाती घेतलं गेलं, उत्तरेकडे जालना–जळगाव मार्गाला ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी मिळाली. मधला तुकडा, म्हणजे आम्ही, अजून निवेदनाच्या पायरीवर आहोत. ही पायरी निवडणुकीला फार सोयीची असते.

पुण्यात पाहिलेल्या दोन गोष्टी

2004 ते 2018 मी पुण्यात नोकरीला होतो आणि धनकवडीत राहत होतो. डिसेंबर 2006 मध्ये माझ्या खोलीपासून चार पावलांवर, सातारा रस्त्यावर, देशातल्या पहिल्या बीआरटीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना सरळ होती. रुळांचा खर्च टाळायचा, रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी मार्गिका राखायची आणि बसला आगगाडीसारखी मोकळी वाट द्यायची. ती अमलात आणताना मात्र मधल्या थांब्यापर्यंत रस्ता ओलांडून जायचं कसं, हे बऱ्याच ठिकाणी प्रवाशाच्या नशिबावर सोडलं गेलं. दुचाकी मार्गिकेत घुसत, बस अडकत, मोटारवाले वैतागत.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत महापालिकेची निवडणूक झाली. निकालानंतर राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप यांनी एकत्र येऊन सुरेश कलमाडींच्या काँग्रेसला सत्तेबाहेर ठेवलं. तोच 'पुणे पॅटर्न'. हे बीआरटीमुळे झालं असं म्हणणं चूक ठरेल, त्यामागे सत्तेची वेगळी गणितं होती. पण बीआरटी कलमाडींच्या नावाला चिकटलेली होती आणि आता तिला घरचं माणूस उरलं नाही. पुढे पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये नवे मार्ग झाले, काही चांगले चाललेही. पण 2023 मध्ये नगर रस्त्यावरची मार्गिका उखडायला घेतली तेव्हा ती वाचवायला बसच्या प्रवाशांची गर्दी जमली नाही. बसने जाणारे लाखो असतात, पण ते विखुरलेले असतात आणि घाईत असतात.

मेट्रोचं नेमकं उलट झालं. पुण्याच्या मेट्रोचा प्रकल्प अहवाल 2009 मधला. ती जमिनीवरून की भुयारातून, यावर शहर अनेक वर्षं भांडत राहिलं. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली 7 डिसेंबर 2016 रोजी: 31.25 किलोमीटर, 11,420 कोटी रुपये. पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं 24 डिसेंबरला. आचारसंहिता लागली जानेवारीत आणि मतदान झालं 21 फेब्रुवारी 2017 रोजी. भाजपला पहिल्यांदाच महापालिकेत स्वबळावर बहुमत मिळालं. पहिल्या टप्प्याचं उद्घाटन 6 मार्च 2022 रोजी झालं आणि आठवडाभरातच त्या सभागृहाची मुदत संपली. म्हणजे एका सभागृहाचा पूर्ण काळ मेट्रोच्या भूमिपूजनापासून उद्घाटनापर्यंत मोजता येतो. त्या मधल्या काळात मेट्रोने कोणाची मतं घालवल्याचं दिसलं नाही, कारण त्रास महामेट्रोच्या पत्र्यांमागे होता आणि श्रेय झेंड्यावर.

नाशिकमध्येही टायरवर धावणारी, हलक्या रेल्वेपेक्षाही स्वस्त 'मेट्रो निओ' फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटींच्या आकड्यासह जाहीर झाली, तेव्हा महापालिकेची मुदत संपायला वर्षभरच उरलं होतं. ती निवडणूक लांबली, आणि निओही अजून रस्त्यावर उतरलेली नाही. पुण्याच्या 1987 च्या विकास आराखड्यातला वर्तुळाकार जलद वाहतुकीचा मार्ग तर माझ्या पिढीएवढा जुना झाला. मुळात सार्वजनिक वाहतुकीसाठी आखलेली ती रेषा पुढे मोटारींच्या उन्नत रस्त्याकडे वळली आणि अखेर कागदावरच राहिली.

या सगळ्यातून एक नियम हाताला लागतो. रुळांचा लाभ आधी दिसतो, तोटा नंतर आणि दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर पडतो. रस्ता बदलला की तोटा आधी दिसतो, आणि तो नावानिशी दिसतो: अमक्याची पायरी, तमक्याचा गाडा, ह्यांची गाडी लावायची जागा. लाभ हळूहळू येतो आणि येईल तेव्हा तो रस्त्याने चालणाऱ्या प्रत्येकाचा, म्हणजे कोणाचाच नसतो. उमेदवाराने काय निवडावं, हे सांगायला राजकारणाचा अभ्यास लागत नाही.

एक उलटं उदाहरण

हा नियम मोडणारं शहर आहे का? आहे. फ्रान्सच्या सीमेवरचं स्ट्रासबुर्ग. 1980 च्या दशकाअखेर तिथे वाद होता: भुयारातून स्वयंचलित मेट्रो न्यायची, की रस्त्यावरून ट्राम. मेट्रोने रस्त्यावरची मोटार हलत नव्हती, म्हणून अनेक दुकानदारांना ती हवी होती. ट्राम आली की मोटारींची जागा जाणार होती. 1989 च्या नगरपालिका निवडणुकीत कॅथरीन त्रोतमान ट्रामच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि महापौर झाल्या. 1992 मध्ये मुख्य चौक मोटारींसाठी बंद झाला, रस्ते खणले गेले, व्यापारी संतापले. नोव्हेंबर 1994 मध्ये ट्राम सुरू झाली. 1995 च्या निवडणुकीत त्या पुन्हा निवडून आल्या.

त्रोतमान धाडसी होत्या हे खरं, पण तेवढंच कारण नाही. तिथे रस्ता, ट्राम आणि मत या तिन्ही गोष्टी एकाच कार्यालयाच्या अखत्यारीत होत्या. शिव्या ज्यांना पडल्या त्यांनाच पुढे शाबासकी मिळण्याची सोय होती. कामाला पाच वर्षं लागली आणि मुदत सहा वर्षांची होती, हेही पथ्यावर पडलं. आपल्याकडे पुण्याच्या महापौराकडे मान असतो, गाडी असते. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. शिव्या नगरसेवकाला, निर्णय आयुक्तांचा, झेंडा मंत्र्यांचा.

इथे गेवराईचा विचार करताना मला एक अनपेक्षित गोष्ट दिसली. नगरपरिषदेत नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडला जाणार आहे. त्याच्यावर मुख्याधिकाऱ्यांचं, जिल्हाधिकाऱ्यांचं नियंत्रण आहे, तिजोरी तोकडी आहे, सगळं खरं. पण पूर्ण गावाने मत देऊन निवडलेला, गावाच्या रस्त्याबद्दल जबाब विचारता येईल असा एक माणूस आमच्याकडे असेल. या एका बाबतीत तीस-पस्तीस हजारांचं गेवराई पुण्यापेक्षा स्ट्रासबुर्गच्या जवळ आहे.

आमचा रस्ता

सोलापूर–धुळे महामार्ग पूर्वी आमच्या गावाच्या पोटातून जायचा. माझ्या काकांचं त्या रस्त्यावर छोटं हॉटेल होतं. रात्री दोन वाजता ट्रकवाले थांबत, काकू उठून पिठलं टाकायच्या. चौपदरीकरणात बायपास झाला आणि ट्रक गावाबाहेरून निघून गेले. अपघात कमी झाले, धूळ कमी झाली, आणि काकांचं हॉटेल दीड वर्षात बंद पडलं. बायपासचा निर्णय दिल्लीत झाला होता. काकांनी मात्र पुढच्या निवडणुकीत राग काढला तो आमच्या प्रभागातल्या नगरसेवकावर.

ट्रक गेल्यावर गावात एकदम एक मोठी रिकामी जागा निर्माण झाली. महामार्गाच्या रुंदीचा रस्ता, आणि महामार्ग नाही. शहर नव्याने आखायची अशी संधी छोट्या गावाला शंभर वर्षांत एकदा मिळते. त्या जागेचं काय करायचं, यावर गावात एकही सभा झाल्याचं मला आठवत नाही. ती आपोआप भरली: गाडे, दुचाक्या, वडाप, रसवंत्या, फलक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या. नियोजन न करणं हेही एक नियोजनच असतं, फक्त ते ज्याचा जोर जास्त त्याच्या बाजूने होतं.

मध्यंतरी मी दोन सकाळी दहावीच्या चार मुलांना घेऊन शास्त्री चौकाच्या आसपास उभा राहिलो. कोण जातं, एवढंच लिहायचं होतं. सर्वांत जास्त होते चालणारे: शाळेची मुलं, बाजाराला आलेल्या बाया, स्टँडकडे निघालेली माणसं. त्यांच्यासाठी त्या रस्त्यावर राखलेली जागा शून्य होती. एका मुलीने वहीत शेवटी लिहिलं होतं, 'सर, सगळे गटाराच्या फरशीवरून चालतात.' गटार म्हणजे आमचा पदपथ. 2025 च्या सप्टेंबरात गोदाकाठ पाण्याखाली गेला, शेतं खरवडून निघाली, आणि गावातलं पाणी जिथे जायला हवं होतं तिथे प्लास्टिक आणि गाळ होता. फरशी उचलल्याशिवाय गटार साफ होत नाही, आणि फरशीवर कोणाचं तरी पोट उभं असतं.

म्हणून रस्ता सुधारणे म्हणजे गाडे उठवणे, असं मी म्हणणार नाही. त्यासाठी कायदा आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार पालिकेने विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, त्यांना प्रमाणपत्र द्यायचं, जागा ठरवायच्या आणि नगर पथविक्रेता समिती नेमायची. त्या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः मत देऊन निवडलेले हवेत. म्हणजे रस्त्याचीसुद्धा एक निवडणूक आहे. आमच्या टपरीवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो चहा गाळता गाळता थांबला. इतकी वर्षं तो प्रत्येक उमेदवाराकडून 'तुझी टपरी हलू देत नाही' हा शब्द घेत आला होता. कागद मागण्याचा त्याला हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शब्द दर निवडणुकीला नव्याने घ्यावा लागतो, प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही. कदाचित म्हणूनच शब्द मिळत राहतो.

ही निवडणूक जानेवारीअखेर व्हायची म्हणजे ती ऊसतोडीच्या हंगामात पडणार. दसरा-दिवाळी झाली की तालुक्यातले कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. कुटुंबंच्या कुटुंबं बोचकी घेऊन याच रस्त्याच्या कडेला वाहनाची वाट पाहत बसतात. बायांना आडोसा नसतो, लेकरांना पाणी नसतं. रेल्वे आली तर ती त्यांच्यासाठी चांगलीच, पण तोवर सतराव्या नोंदीतल्या 'सार्वजनिक सोयी' त्यांना कोणी द्यायच्या आहेत, हे घटनेत स्पष्ट लिहिलेलं आहे.

उमेदवार टपरीवर येतील. ते रेल्वेचं बोलतील, आणि आम्हीही टाळ्या वाजवू, कारण रेल्वे आम्हाला खरोखर हवी आहे. ती मागायला खासदार आहेत, आमदार आहेत; त्यांच्याकडे ती जोर लावून मागूच. मात्र नगराध्यक्षाच्या उमेदवाराला विचारण्यासाठी मी आणि टपरीवाल्याने मिळून तीन प्रश्न वहीच्या कागदावर लिहिले आहेत. जुना महामार्ग आज कोणाच्या ताब्यात आहे, आणि तो पालिकेकडे घेऊन त्यावर चालणाऱ्यांना किती फूट देणार? विक्रेत्यांचं सर्वेक्षण कोणत्या महिन्यात करणार? गटारावरची फरशी पावसाळ्याआधी उचलताना तिच्यावरचा गाडा तेवढे दिवस कुठे उभा करणार?

तिसरा प्रश्न त्याचा आहे. कागद साखरेच्या डब्याखाली ठेवला आहे.